निळ्याखाली पिस्ता, पिस्त्याखाली गुलाबी: भाड्याच्या खोलीतल्या बुरशीचं एक प्रकरण

जुलैचा दुसरा आठवडा. बेळगावच्या अनगोळमधल्या एका काकूंचा फोन आला. "इंजिनियर, जरा येऊन बघून जावा की. वरच्या भाडेकरूंनी भिंतीची पार वाट लावूलालेत." त्याच रात्री त्या भाडेकरूंचा फोन. "साहेब, काकू तुम्हाला बोलावणार असं कळलं. या, पण आमच्यापण तोंडावर काय ते खरं सांगा."

मी डिप्लोमा सिव्हिल. बेळगावात मोठ्या इमारती बांधण्यापेक्षा जुन्या घरांच्या गळत्या शोधण्यातच माझी जास्त वर्षं गेली. भेटीचे पैसे काकू देणार होत्या हे आधीच सांगून टाकतो. या कामात पैसे कोण देतं त्यावर ओल कुठून येते ते ठरतं, असा लोकांचा समज आहे आणि तो अगदीच खोटा नाही. म्हणून जे दिसेल ते दोघांना एकदमच सांगणार, ही अट मी फोनवरच घातली. घरं ओळखू येऊ नयेत म्हणून काही बारीक तपशील इथं बदलले आहेत.

घर तीसेक वर्षांपूर्वीचं. खाली काकू एकट्या. काका वारले, त्यांची फॅमिली पेन्शन आणि वरच्या मजल्याचं भाडं यावर त्यांचं चालतं. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम. भाडं महिना ९,५०० रुपये, डिपॉझिट ५०,०००. भाडेकरू उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर, मूळचे चंदगड तालुक्यातले. घरात वहिनी आणि दहा महिन्यांचं बाळ. हा त्यांचा तिसरा पावसाळा.

तक्रार मागच्या खोलीची. दार उघडताक्षणीच तो कुबट वास आला. महिनाभर बंद असलेल्या लोखंडी ट्रंकेला येतो तसा. नैऋत्येच्या भिंतीवर खिडकीच्या खाली दोन-अडीच फूट रुंदीचा पट्टा फुगलेला, रंगाचे पोपडे, त्यात काळे-हिरवट ठिपके. दुसरी जागा कोपऱ्यात, लोखंडी कपाटाच्या मागे. तिथं गिलावा शाबूत, रंगही शाबूत, पण भिंतीवर काळी भुकटी उडवल्यासारखा बुरा. वहिनींनी कपाटातली एक शालू दाखवली, घडीवर पांढरी नक्षी उमटलेली. त्या काही बोलल्या नाहीत, घडी घालून परत ठेवली.

काकूंचं म्हणणं: हे लोक यायच्या आधी भिंत चकचकीत होती. दारं-खिडक्या लावून बसतात, बाळाचे कपडे खोलीतच दोऱ्या बांधून वाळवतात, सगळी वाफ घरात. भाडेकरूंचं म्हणणं: घरच गळकं आहे, काकू दरवर्षी दिवाळीला रंग मारून झाकतात आणि आषाढात बुरा परत येतो. एका खोलीबद्दल दोघं बोलत होते, पण एकाच डागाबद्दल नव्हते. हे दोघांच्याही लक्षात आलेलं नव्हतं. सगळं भांडण तिथंच होतं.

मी आधी खिडकीखालच्या पोपड्याला नख लावलं. वरचा थर निळा. त्याच्याखाली पिस्ता. पिस्त्याखाली गुलाबी. खिशातली पट्टी घालून तुकडा सोडवला आणि उजेडात धरला, तर दोन्ही जुन्या थरांच्या पाठीवर तेच काळे ठिपके. निळा रंग या भाडेकरूंच्या काळातला, गेल्या दिवाळीचा. पिस्ता ते राहायला येण्याआधी दिलेला. गुलाबी त्याच्याही आधीच्या भाडेकरूंचा. बुरशी खोटं बोलत नाही, ती फक्त रंगाखाली जाऊन बसते. काकूंना तुकडा दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "गुलाबी आमच्या ह्यांनी दिलता."

आता ओल कुठून येते ते बघायचं. यासाठी मी एक साधी युक्ती वापरतो. स्वयंपाकघरातला फॉईल घ्यायचा, फूटभर चौकोन कापायचा, भिंत पुसून कोरडी करून चारही कडा टेपनं घट्ट चिकटवायच्या आणि दोन दिवस हात लावायचा नाही. फॉईलच्या मागं पाणी दिसलं तर ते भिंतीतून येतंय. खोलीच्या बाजूला घाम आला तर ते हवेतलं पाणी, गार भिंतीवर येऊन बसलेलं. दोन्ही जागी एकेक तुकडा लावला. दोन दिवसांनी खिडकीखालचा सोडवला तर मागून पाणी ओघळलं, टेप अक्षरशः गळून आली. कपाटामागच्याची पाठ कोरडी आणि तोंडावर बारीक दव. काकू आणि सुपरवायझर दोघं शेजारी उभे राहून बघत होते. तीन वर्षांत ते दोघं त्या खोलीत एकत्र पहिल्यांदाच उभे होते, असं वहिनी नंतर म्हणाल्या.

म्हणजे एका खोलीत दोन वेगळे आजार. खिडकीखालचा डाग बाहेरच्या पावसाचा. कपाटामागचा आतल्या वाफेचा.

वाफेबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण काकूंचा मुद्दा हसण्यावारी न्यायचा नाही. गॅस जळतो तेव्हा त्यातून पाणी तयार होतं. एक किलो एलपीजी जळला की साधारण दीड किलोच्या वर वाफ. १४.२ किलोचं सिलिंडर संपेपर्यंत बावीसेक लिटर पाणी नुसत्या ज्योतीतून घरात आलेलं असतं, भाताच्या पातेल्याची वाफ वेगळी. त्यात बाळाचे लंगोट, दुपटी, टोपडी पंख्याखाली दोऱ्यांवर. ओल्या कपड्यांतलं पाणी कुठं जाणार? हवेत. आणि कपाट भिंतीला चिकटून, मागं वारा नाही, ती भिंत बाहेरून पावसानं गारठलेली. तिथल्या हवेचा दमटपणा बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला तेवढं पुरतं. पाण्याचे थेंब दिसायलाच पाहिजेत असं नाही.

पण "खिडक्या उघडा म्हणजे सगळं ठीक होईल" हा सल्लाही बेळगावात पावसाळ्यात अर्धाच खरा. आमच्याकडं वर्षाला साधारण १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस होतो. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीकडं याच्या कितीतरी पट. आकड्यापेक्षा त्रास त्याच्या पडण्याच्या पद्धतीचा. आंबोली-चोर्ल्याकडून वारा येतो, झिमझिम लागते आणि चार-चार दिवस ऊन दिसत नाही. बाहेरची हवाच ओल्या टॉवेलासारखी असते, ती आत घेऊन भिंत वाळत नाही. अशा दिवसांत वाफ जिथं तयार होते तिथूनच ती बाहेर काढायला लागते: स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन, भांड्यांवर झाकण, कपडे खोलीबाहेर. खिडक्या उघडायच्या त्या उघडीप असेल त्या दुपारी. वहिनींना दोष द्यायचा तर आधी सांगा, बाळाचे कपडे वाळवायला त्या मजल्यावर दुसरी जागा कुठं होती? जिन्याच्या वर पत्रा नव्हता. गच्चीची किल्ली काकूंच्या कमरेला.

इथपर्यंत गोष्ट सोपी होती. मग त्यात कायदा आला.

सुपरवायझरांचा भाऊ गडहिंग्लजला. त्यानं व्हॉट्सॲपवर एक मराठी लेख पाठवला: मालक दुरुस्ती करत नसेल तर १५ दिवसांची नोटीस द्या, मग स्वतः करून घ्या आणि भाड्यातून कापा. सुपरवायझरांनी काकूंना मेसेज टाकला, १५ दिवस मोजले, एका पेंटरकडून खोली खरवडून वॉटरप्रूफ रंग मारून घेतला, ६,४०० रुपये झाले, आणि ऑगस्टच्या भाड्यातून तेवढे कापले. सप्टेंबरचं भाडं रागानं दिलंच नाही. काकू वकिलाकडं गेल्या. घर १५ दिवसांत रिकामं करा, अशी नोटीस आली.

भावानं पाठवलेला नियम खोटा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये तो आहे. घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं कर्तव्य, १५ दिवसांहून कमी नाही अशी नोटीस, मग भाडेकरूनं दुरुस्ती करून वजावट घ्यायची, आणि ती वजावट वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यावर जाता कामा नये. सगळं बरोबर. फक्त घर अनगोळात आहे, म्हणजे कर्नाटकात. गडहिंग्लज ते बेळगाव एसटीला दीड-दोन तास लागतात, पण मध्ये कायदा बदलतो. आम्ही मराठीत शोधतो, मराठीत वाचतो, आणि मराठीतला जवळजवळ सगळा सल्ला महाराष्ट्राचा असतो. सीमेवरच्या माणसाला हे रोजचं आहे, तरी दरवेळी कुणी ना कुणी फसतं.

कर्नाटकाचाही भाडे कायदा १९९९ चाच, ३१ डिसेंबर २००१ पासून लागू. पण भाडं भागाप्रमाणे महिना ३,५०० किंवा २,००० रुपयांच्या वर असेल तर तो लागू होत नाही. आज शहरात त्या रकमेत दोन खोल्या कोण देतो? म्हणजे हे प्रकरण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यावर आणि हातातल्या करारावर येऊन पडलं.

करार कानडीत. अकरा महिन्यांचा, कारण वर्षाच्या वरचा करार रजिस्टर करावा लागतो आणि तो खर्च व ती धावपळ दोघांनाही नको असते. सुपरवायझरांना कानडी बोलण्यापुरतं येतं, वाचता येत नाही. टायपिस्टनं "सगळं नेहमीचंच आहे" म्हटलं आणि त्यांनी सही केली. मुदत संपून दोन वर्षं झालेली, नवा केला नाही, भाडं मात्र घेणं-देणं चालू. अशा वेळी ते महिन्या-महिन्याचं भाडेकरूपण होतं आणि १५ दिवसांच्या नोटिशीनं संपवता येतं. म्हणजे काकूंच्या वकिलानं पाठवलेली नोटीस पोकळ नव्हती.

माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, दोन्ही भाषा वाचणारे. काकूंच्या हॉलमध्ये आम्ही चौघं बसलो आणि त्यांनी करार मोठ्यानं वाचला. दुरुस्तीबद्दल एकच ओळ होती: "सण्णपुट्ट रिपेरी" भाडेकरूनं करायची. सण्णपुट्ट म्हणजे किरकोळ, बारीकसारीक. मोठ्या दुरुस्तीबद्दल एक शब्द नाही. काकू म्हणाल्या, रंग म्हणजे सण्णपुट्टच की. सुपरवायझर म्हणाले, भिंतीतून पाणी येतंय ते सण्णपुट्ट? पुढचा अर्धा तास एका कानडी शब्दावर मराठीत वाद चालला होता. चहा गार झाला.

वकिलांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत. त्या १८८२ च्या कायद्याचं कलम १०८ दोन्ही बाजूंनी कापतं, आणि करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच चालतं. मालकाला माहीत असलेला आणि भाडेकरूला साध्या नजरेनं न दिसणारा मोठा दोष असेल तर तो सांगायची जबाबदारी मालकाची. गुलाबी आणि पिस्ता थर इथं बोलतात. मालकानं जी दुरुस्ती करायला तो बांधील आहे ती कळवूनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. पण त्यात "बांधील आहे" हे शब्द आहेत. करारात मालकानं मोठ्या दुरुस्तीचं काही कबूल केलं नसेल तर कशानं बांधील, हा प्रश्न कोर्टात उभा राहतो. महाराष्ट्राच्या कायद्यासारखं सरळ कर्तव्य इथं लिहिलेलं नाही. म्हणून कापलेले ६,४०० धोक्याचे, आणि सप्टेंबरचं भाडं अडवणं त्याहून धोक्याचं.

उलट बाजूनं, घर सोडताना भाडेकरूनं ते घेतलं होतं त्या स्थितीत परत द्यायचं. मात्र नेहमीच्या वापरानं झालेली झीज आणि माणसाच्या हाताबाहेरच्या गोष्टी यांतून वगळलेल्या आहेत. काकूंनी डिपॉझिटमधून भिंतीपोटी २०,००० कापायचं ठरवलं होतं. बाहेरचा पाऊस आत आला तर त्याचा भुर्दंड भाडेकरूवर बसत नाही. कपाटामागच्या कोपऱ्याचं मात्र त्याच्या वापरामुळं झालं असं कुणी म्हणू शकेल. तो कोपरा किती? दोन फूट बाय तीन. त्याला २०,००० लागत नाहीत, घासून-पुसून रंगाचा एक हात लागतो.

कुणीतरी २०२१ च्या केंद्राच्या नमुना भाडेकरार कायद्याचा विषय काढला. त्यात वाटणी छान लिहिली आहे: इमारतीच्या मूळ बांधकामाची दुरुस्ती, भिंतींची रंगसफेदी, पाईप बदलणं मालकाकडं, नळाचे वॉशर, मोरी साफ करणं, स्विच-सॉकेट, कुलपं-कड्या भाडेकरूकडं. पण तो नमुना आहे. राज्यानं आपला केल्याशिवाय कुणाला बांधत नाही. वकील म्हणाले, कायदा म्हणून नको, कागद म्हणून वापरा. हे मला फार पटलं.

कोर्टाचा रस्ता दोघांनाही नको होता. काकू सत्तरीच्या जवळ, सुपरवायझरांची शिफ्ट. तारखा कोण बघणार?

ठरलं ते असं. सुपरवायझरांनी सप्टेंबरचं पूर्ण भाडं त्याच दिवशी दिलं. कापलेल्या ६,४०० पैकी निम्मे परत. खरं सांगायचं तर त्या पेंटरचं काम निम्म्याचंही नव्हतं. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि वरून प्लास्टिक रंग, म्हणजे ओलीला आत कोंडून वर बूच मारणं. काकूंचा पेंटरही दर दिवाळीला तेच करत होता, वर ब्लीचिंग पावडरचं पाणी फासून. ब्लीचिंगनं डाग पांढरा होतो, ओल तशीच राहते. (आणि ते पाणी कधीही ॲसिडमध्ये मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात माणसं बेशुद्ध पडल्याचं ऐकलंय.) नोटीस काकूंनी मागं घेतली.

बाहेरची गळती पावसात दुरुस्त होत नाही. आम्ही ऑक्टोबरात आठ दिवस कोरडे जाऊ दिले आणि मग होज पाईपनं भिंत भिजवली. खालून वर, एकेका टप्प्याला वीस मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच खाली येतं आणि काहीच कळत नाही. खिडकीच्या खालचा गिलावा भिजवला, आत काही नाही. चौकटीची बाजू, काही नाही. खिडकीवरचा छज्जा आणि भिंत जिथं मिळतात तिथं पाईप धरला, आणि दहाव्या मिनिटाला वहिनींनी आतून हाक मारली. छज्ज्याच्या वर उतारच नव्हता. उलट भिंतीकडं पाणी साचत होतं आणि सांध्याला केसाएवढी भेग. नैऋत्येचा पाऊस तिथं तासन्‌तास बसायचा, विटांतून खाली उतरून खिडकीच्या खाली बाहेर पडायचा. तीन रंग ज्याच्यावर फुकट गेले ती जागा डागापासून पाच फूट वर होती.

भेग व्हीसारखी उघडली, पॉलिमर घातलेल्या मॉर्टरनं भरली, छज्ज्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला आणि पुढच्या कडेला खालून खाच काढली, म्हणजे पाणी वळून मागं येत नाही. मग बाहेरून कोट. गच्चीच्या पन्हळीत अडकलेला पालापाचोळा काढला. तो प्रश्न नव्हता, पण पुढच्या वर्षी झाला असता. एकूण ३८,००० गेले, काकूंचे. भिंतीला आतून रंग लगेच द्यायचा नाही यावरून त्यांच्याशी माझं थोडं वाजलं, कारण दिवाळी जवळ आलेली. भिजलेली भिंत वाळायला महिने लागतात, आणि ही नऊ इंची. पोपडे खरवडून तशीच उघडी ठेवली, फेब्रुवारीत चुन्याचे दोन हात दिले. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून काकूंनी मध्यंतरी तिथं एक कॅलेंडर लावलं होतं. मी गेलो की काढायचो.

खरवडताना बाळाला घेऊन वहिनी दोन दिवस चंदगडला गेल्या होत्या. भिंत आधी ओली करून, तोंडाला मास्क लावून, दार बंद ठेवून काम केलं. कोरडी खरवडली तर बुरशीचे कण घरभर उडतात. मेलेल्या बुरशीचासुद्धा छातीला त्रास होतो.

भाडेकरूंच्या वाट्याला: कपाट भिंतीपासून चार इंच पुढं, कपडे खोलीबाहेर. त्यासाठी काकूंनी जिन्यावर पत्रा घातला आणि गच्चीची एक किल्ली वर दिली. एक्झॉस्ट फॅन काकूंचा, त्याचं वीजबिल भाडेकरूंचं. नवा अकरा महिन्यांचा करार केला, पानाच्या एका बाजूला कानडी, दुसऱ्या बाजूला मराठी. त्यात "सण्णपुट्ट" या शब्दाच्या पुढं वकिलांनी पंधरा गोष्टींची यादी लिहिली, नमुना कायद्यातून उचललेली, आणि शेवटी ओळ: भिंतीतून, स्लॅबमधून किंवा बंदिस्त पाईपातून येणारी ओल मालकाकडं. टायपिस्ट म्हणाला, एवढा मोठा करार कुणी करत नाही. काकू म्हणाल्या, "आम्ही करूलालाव."

यंदाच्या जुलैत खिडकीखालची भिंत कोरडी आहे. कपाटामागं मुठीएवढ्या जागेत थोडे ठिपके आले, वहिनींनी साबणाच्या पाण्यानं पुसले, परत आले, परत पुसले. एवढं राहणार.

गेल्या आठवड्यात मात्र दोघांकडून एकाच संध्याकाळी एकच फोटो आला. बाथरूमला लागून असलेली भिंत, जमिनीपासून फूटभर वर, पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेला खार, फुटलेला. आत बंदिस्त पाईप आहे, पण तिथंच भाडेकरूंनी वॉशिंग मशीन ठेवलंय आणि त्याच्या पाण्याची नळी फरशीवर सोडलीय. पाईपातलं असेल तर यादीच्या शेवटच्या ओळीत बसतं. नळीचं असेल तर यादीत कुठंच नाही. रविवारी जाऊन फॉईल लावून आलोय, नळी मोरीच्या जाळीत घालायला सांगितलीय. मंगळवारी काढायचा.